हजारच ओळी आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

प्रश्न विचारणारा निपाणीजवळच्या एका गावातल्या दूध संस्थेत संगणकाचं काम बघतो. संकलनाच्या नोंदी मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसमध्ये आहेत, संगणक विंडोजचा. सचिवांना रोज सकाळी नऊच्या आत उत्पादकवार यादी वेब पानाच्या फाइलीत हवी असते. ती ब्राउझरमध्ये उघडायची, छापून फलकावर लावायची आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची. वर्कबेंचमधून (मायएसक्यूएलचा खिडक्या-बटणांचा प्रोग्राम) एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या भाषेत, एक्सपोर्ट केलं की दहा दिवसांच्या यादीत बरोबर हजार ओळी येतात, पुढच्या गायब. कमांडनं, म्हणजे आज्ञा टाइप करून, केलं तर ओळी सगळ्या येतात, पण नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’

काही घेऊ नका. लागतं ते सगळं तुमच्या मशीनवर आधीच आहे. मी बेळगावात बसून खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या पतसंस्थांचे आणि दूध संस्थांचे डेटाबेस सांभाळतो, त्याला आता वीस वर्षं व्हायला आली. हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत माझ्याकडं दर दोन-तीन महिन्यांनी येतो. विचारणाऱ्याला वाटतं की क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, उत्तर फाइलीत उतरवणं हे अवघड काम आहे. ते एका ओळीचं काम आहे. अवघड असतं ते हे, की डेटाबेसमधून बाहेर पडलेल्या फाइलीला मागं वळून काही विचारता येत नाही. अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलीत, यादी कधीची आहे, ती पूर्ण आहे की अर्धी, हे सगळं त्या फाइलीनं स्वतःच सांगायला हवं. तुमची फाइल सध्या यातलं काहीच सांगत नाही.

आधी हजार ओळींचं बघू, कारण ते लगेच सुटतं. वर्कबेंच प्रत्येक सिलेक्टला (ओळी मागणाऱ्या क्वेरीला) गुपचूप मर्यादा लावतं आणि ती मुळात एक हजार ओळींची असते. वर टूलबारमध्ये ‘लिमिट’ असं लिहिलेली छोटी पट्टी आहे ती हीच. एक्सपोर्टचं बटण जाळीत आलेल्या ओळीच फाइलीत टाकतं, क्वेरी परत चालवत नाही. तुमच्याकडं समजा दीडशे उत्पादक असतील तर दिवसाला दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे तीन हजार ओळी झाल्या. त्यातल्या हजार आल्या. मर्यादा काढून टाकली की सगळ्या येतील. पण रोज सकाळी माणसानं वर्कबेंच उघडायचं, क्वेरी चालवायची, बटण दाबायचं, हा रस्ताच मला पसंत नाही. ज्या दिवशी तुम्ही मिरजेला लग्नाला जाल त्या दिवशी यादी निघणार नाही. हायडीएसक्यूएल, डीबीव्हर या वर्कबेंचसारख्या प्रोग्रामांतही एचटीएमएल एक्सपोर्टची सोय आहे आणि एखाद्या वेळच्या कामाला ती मी स्वतः वापरतो. रोजच्या कामाला मात्र कमांडच.

आता प्रश्नचिन्हं. इथं जरा थांबून बघावं लागेल, कारण अक्षरं बिघडण्याचे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधंही वेगळी. इंटरनेटवर वाचून एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर चांगला डेटा खराब होतो. मी हे होताना बघितलंय. म्हणून काहीही करण्याआधी टेबलमध्ये खरं काय साठलंय ते बघा. कुठल्याही एका उत्पादकाचं नाव घ्या आणि ते नुसतं न मागता, साठलेले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स या फंक्शनमध्ये घालून मागा. उत्तरात अंक आणि रोमन अक्षरांच्या जोड्या येतील, त्यातल्या पहिल्या तीन-चार जोड्या वाचा.

‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असं दिसलं तर देवनागरी जशी असायला हवी तशीच आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं आणि त्याची सुरुवात अशीच होते. कन्नड नाव असेल तर ‘ई० बी२’ किंवा ‘ई० बी३’ दिसेल. म्हणजे घर शाबूत आहे, मोडतोड वाटेत होतेय. तुमचं बहुधा हेच असणार. ५.७ च्या काळातला कमांडचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरला प्रश्न विचारणारा प्रोग्राम, काही सांगितलं नाही तर सर्व्हरशी बहुतेक वेळा लॅटिन-१ या युरोपी अक्षरांच्या संचात बोलतो. सर्व्हर बिचारा देवनागरीचं लॅटिनमध्ये रूपांतर करायला जातो, तिथं ती अक्षरंच नाहीत, मग प्रत्येक जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून देतो. फाइलीत पोचतं ते खरंखुरं प्रश्नचिन्ह. त्यामुळं ब्राउझरमध्ये एन्कोडिंग बदलून बघणं, फॉन्ट टाकणं, याचा काही उपयोग नाही. औषध एवढंच, की क्लायंटला आज्ञेतच सांगायचं: माझ्याशी यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) मध्ये बोल. आठव्या आवृत्तीपासून ही गोष्ट मुळातच तशी केलेली आहे, म्हणून नव्या मशीनवर हा त्रास कमी दिसतो.

‘सी३ ए० सी२ ए४’ असं दिसलं तर दुसरा आजार. नाव टेबलमध्ये जातानाच दोनदा गुंडाळलं गेलंय. असं नाव पानावर प्रश्नचिन्हासारखं दिसत नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चित्रविचित्र खुणा यांची रांग लागते. हे परत उलगडता येतं: नाव लॅटिन-१ मध्ये बदलायचं, त्याला बायनरी म्हणायचं आणि मग त्या बायनरीला यूटीएफ८एमबी४ समजून वाचायचं. पण आधी टेबलची प्रत काढून ठेवा. आणि हे फक्त बिघडलेल्या ओळींवरच चालवा. चांगल्या ओळीवर चालवलं तर तिचीही वाट लागते.

आणि ‘३एफ ३एफ ३एफ’ दिसलं तर ती प्रश्नचिन्हं टेबलमध्येच आहेत. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आमच्या भागात एक चौथा प्रकारही सापडतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कन्नड नावं नुडीच्या आणि मराठी नावं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली असतात. तिथं टेबलमध्ये असतात रोमन अक्षरं आणि खुणाच, फॉन्ट लावला की त्या कन्नड किंवा मराठी दिसतात. हेक्समध्ये ‘ई०’ कुठंच दिसत नाही. असा डेटा वेब पानात टाकला की नुसती रोमन गिचमीड उमटते आणि कुठलीही सेटिंग ती सुधारू शकत नाही. ती नावं एकदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी लागतात, दुसरा इलाज नाही. एका पतसंस्थेत खातेदारांची निम्मी नावं एका फॉन्टात, निम्मी दुसऱ्यात आणि कुठली कशात याची नोंद कुठंच नाही, असंही मी बघितलंय. कन्नड का मराठी हा विषय निघाला की आमच्याकडं कपातला चहा थंड होतो. संगणकाला मात्र दोन्ही लिप्या सारख्याच जवळच्या आहेत, फक्त युनिकोडमध्ये असल्या म्हणजे झालं.

आता प्रत्यक्ष कृती. हे फोनवरनं लिहितोय, त्यामुळं आज्ञा वाचून दाखवल्यासारख्या देवनागरीत देतो. तुम्ही टाइप करताना रोमनमध्ये करायच्या.

एक फोल्डर करा, सरळ सी ड्राइव्हवर, नाव रोमनमध्ये आणि मधे जागा न सोडता. त्यात चार फाइली ठेवायच्या. पहिली ‘वर’, म्हणजे पानाचं डोकं. दुसरी ‘खाली’, पानाचं शेपूट. तिसरी ‘यादी’, यात क्वेरी. चौथी ही सगळी मोट बांधणारी बॅच फाइल, म्हणजे आज्ञा एकापाठोपाठ चालवणारी. बॅच फाइलीत एवढंच:

मायएसक्यूएल --डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --एचटीएमएल दूध < यादी.एसक्यूएल > तक्ता.टीएमपी
इफ एररलेव्हल १ गोटू चूक
कॉपी /बी वर.एचटीएमएल+तक्ता.टीएमपी+खाली.एचटीएमएल नवी.टीएमपी
मूव्ह /वाय नवी.टीएमपी आजची.एचटीएमएल
एक्झिट /बी ०
:चूक
एक्झिट /बी १

‘दूध’ हे डेटाबेसचं नाव, तुमचं जे असेल ते घाला. एचटीएमएल हा पर्याय लांब नावानंच लिहा. त्याचं आखूड रूप मोठा एच आहे आणि छोटा एच म्हणजे सर्व्हरचा पत्ता. घाईत छोटा पडला की क्लायंट पुढच्या शब्दाला मशीनचं नाव समजून शोधत बसतो.

क्वेरी आज्ञेतच अवतरणात न लिहिता वेगळ्या फाइलीत का? कारण तुम्हाला स्तंभांची शीर्षकं मराठीत हवी असणार: सभासद क्र., नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. ही नावं ‘ॲज’ लावून क्वेरीतच द्यायची. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) थेट मराठी टाइप केलं तर ते वाटेत मोडण्याची दाट शक्यता. फाइलीत यूटीएफ-८ मध्ये साठवलेलं जसंच्या तसं पोचतं. नोटपॅड वापरत असाल तर साठवताना खालचं एन्कोडिंग बघा. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ धरतं. त्याआधीचं नोटपॅड ‘एएनएसआय’ धरतं आणि तिथंच तुमच्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. संस्थांमधली मशीनं किती जुनी असतात हे मला माहीत आहे, म्हणून सांगतोय.

आणि हे पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीत, चालवू नका. विंडोजबरोबर आलेल्या पॉवरशेलला डावीकडचा बाण, म्हणजे फाइलीतून वाचण्याचा, चालतच नाही. उजवीकडचा बाण चालतो, पण तो मजकूर मधेच स्वतः वाचतो आणि यूटीएफ-१६ मध्ये परत लिहितो. त्यात देवनागरीचा चुराडा होतो. साधी काळी खिडकी बाइट जसे आले तसे फाइलीत ओतते. आपल्याला तेवढंच हवंय.

‘वर’ या फाइलीत काय? एचटीएमएलचा पर्याय दिला की मायएसक्यूएल फक्त तक्ता देतो, टेबलच्या टॅगपासून (टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण) टेबलच्या टॅगपर्यंत. त्याला पानाचं डोकं नाही, शीर्षक नाही आणि मुख्य म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीची आहेत हे सांगणारी ओळ नाही. ती मेटा कॅरसेटची ओळ आपण द्यायची, यूटीएफ-८ अशी, आणि अगदी सुरुवातीला. प्रमाणानुसार ती पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवी. शोभेचं सीएसएस (रंग-मांडणीचे नियम) वर आणि ही ओळ खाली, असं केलेली पानं मी दुरुस्त केली आहेत. एका मशीनवर दिसतं, दुसऱ्यावर नाही, मग लोक फॉन्टला दोष देत बसतात. त्याच्या जोडीला मोबाइलसाठी व्ह्यूपोर्टची ओळ, एचटीएमएलच्या टॅगवर भाषा मराठी, आणि फॉन्ट म्हणून आधी निर्मला यूआय. विंडोज ८ पासून तो मशीनमध्ये असतोच आणि त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत, त्यामुळं एकाच यादीत दोन्ही लिप्यांतली नावं असली तरी ओळींची उंची खालीवर होत नाही. त्याच्यामागं नोटो ठेवा, फोनसाठी.

आकडे उजवीकडं सरकवायचे असतील तर अडचण अशी, की मायएसक्यूएल कुठल्याच चौकटीला नाव देत नाही. मग सीएसएसमध्ये ‘टीडीचं एन्थ चाइल्ड तीन’, ‘चार’ असं मोजून सांगायचं. क्वेरीत पुढं स्तंभ वाढवला की हे मोजमाप चुकतं, तेवढं लक्षात ठेवा.

बॅच फाइलीत मी आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून शेवटी नाव बदलतोय. याला कारण आहे. पूर्वी मी सरळ अंतिम फाइलीतच लिहायचो. एका संस्थेत यादी निघत असताना लाइट गेली, अर्धं पान तयार झालं आणि कारकुनानं तेच छापून लावलं. ज्यांची नावं खालच्या निम्म्यात होती त्यांना वाटलं आपलं दूधच मांडलं नाही. सकाळी सात वाजता संस्थेच्या दारात जी गर्दी झाली ती मी विसरणार नाही. तेव्हापासून, काम पुरं झाल्याशिवाय आजच्या नावाची फाइल बदलतच नाही. क्वेरीत चूक झाली, सर्व्हर बंद असला, तरी कालची फाइल तशीच राहते.

पण कालची फाइल राहिली तर ती कालची आहे हे कळायला नको का? म्हणून ‘यादी’ या फाइलीत एकाच्या जागी तीन क्वेऱ्या ठेवा. पहिली नुसती ‘नाऊ’ विचारणारी, शीर्षक ‘यादी काढल्याची वेळ’. मधली मुख्य यादी. तिसरी एका ओळीची: एकूण उत्पादक, एकूण लिटर, एकूण रक्कम. एकाच फाइलीतल्या तीन सिलेक्टचे तीन तक्ते एकाखाली एक येतात, वेगळं काही करावं लागत नाही. सचिव पान उघडल्यावर वरची वेळ बघतील आणि खालची बेरीज टँकरच्या पावतीशी ताडून बघतील. हजार ओळींची तुमची भानगड तळाला बेरीज असती तर पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

तळाच्या त्या ओळीचा आणखी एक फायदा. क्वेरीला एकही ओळ मिळाली नाही तर मायएसक्यूएल रिकामा तक्ता देत नाही, काहीच देत नाही. बेरजेची ओळ मात्र येतेच, शून्य उत्पादक म्हणून. लिटर आणि रकमेच्या जागी इंग्रजीत ‘नल’ (म्हणजे किंमतच नाही) हा शब्द उमटेल. तो आपल्या सचिवांना दाखवू नका, इफनल हे फंक्शन लावून शून्य करा. मुख्य यादीतही तेच. एखाद्या दिवशी फॅट मोजायचं राहिलं असेल तर तिथं आडवी रेघ दिसू दे. तिथं शून्य मात्र घालू नका. शून्य फॅटचं दूध म्हटलं तर उत्पादक भांडायला येईल, आणि त्याचं बरोबरच असेल.

क्वेरीतले दोन सापळे सांगून ठेवतो, दोन्ही एक्सपोर्टच्या वेळीच डसतात. तारीख आपल्याला दिवस-महिना-वर्ष अशी हवी म्हणून आपण डेट फॉरमॅट लावतो आणि शीर्षक म्हणून परत मूळ स्तंभाचंच नाव देतो. मग ऑर्डर बाय त्या नावावर लावलं की मायएसक्यूएल आधी सिलेक्टमधलं नाव धरतो. म्हणजे तारखा मजकूर म्हणून लागतात आणि १ ऑक्टोबर हा ३० सप्टेंबरच्या आधी येऊन बसतो. शीर्षक वेगळं ठेवा किंवा ऑर्डर बायमध्ये टेबलच्या नावासकट मूळ स्तंभ लिहा. दुसरा, सभासद क्रमांक मजकूर म्हणून साठवला असेल तर २ च्या आधी १० येतो. त्यात शून्य मिळवून क्रम लावला की झालं.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगितलं पाहिजे. वाचणारा कोण, यावर. ब्राउझरमध्ये बघायला आणि एका पानात मावेल अशा यादीला वरची कृती पुरते. पण तीन हजार ओळी छापायच्या असतील तर दुसऱ्या पानापासून स्तंभांची शीर्षकं दिसत नाहीत. ब्राउझर प्रत्येक छापील पानावर शीर्षक परत देतो ते ‘टीहेड’ या टॅगमधलं, आणि मायएसक्यूएलचा तक्ता टीहेड देतच नाही. इथं या पर्यायाची हद्द संपते. मग पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पंधरा-वीस ओळी लिहाव्या लागतात: क्वेरी चालवायची, टीहेड आणि टीबॉडी स्वतः लिहायचे आणि प्रत्येक किंमत एचटीएमएल एस्केपमधून गाळून मगच चौकटीत टाकायची.

गाळायची का? मायएसक्यूएलचा क्लायंट हे आता स्वतः करतो. पूर्वी करत नव्हता, २००८ साली ती सुरक्षेची त्रुटी म्हणून नोंदली गेली आणि मग दुरुस्त झाली. तुम्ही हातानं टॅग लिहायला लागलात की ती जबाबदारी तुमच्यावर येते. एका संस्थेत शेऱ्याच्या स्तंभात एक ऑपरेटर कोनी कंसात रोमनमध्ये ‘लेट’ असं लिहायचा. पानावर तो शेरा कधीच दिसला नाही, कारण ब्राउझरला तो अनोळखी टॅग वाटला. गंमत म्हणजे दुसरा ऑपरेटर कोनी कंसात मराठीत ‘उशिरा’ लिहायचा, ते व्यवस्थित दिसायचं. टॅगची सुरुवात रोमन अक्षरानंच होऊ शकते, म्हणून. एकाचा शेरा दिसतो, दुसऱ्याचा नाही, यावर त्या दोघांत आठवडाभर अबोला होता.

एसक्यूएलमध्येच कॉनकॅट (मजकूर जोडणारं फंक्शन) करून टीआर, टीडी हे टॅग चिकटवायची एक पद्धत सगळीकडं सांगितली जाते. मला ती आवडत नाही. एका जरी स्तंभात नल असला तर कॉनकॅट पूर्ण ओळच नल करून टाकतो, म्हणजे तो उत्पादक यादीतून उडाला. आणि सगळ्या ओळी ग्रुप कॉनकॅटनं एकत्र केल्या तर त्याची मुळातली मर्यादा १०२४ बाइट आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे साडेतीनशेही चिन्हं मावत नाहीत. यादी मधेच तुटते आणि मिळते फक्त एक वॉर्निंग, जी बॅच फाइलीत कोणी बघत नाही.

यादी एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर पुन्हा वेगळं. एक्सेल एचटीएमएलचा तक्ता छान उघडतो, पण मोठे आकडे पंधरा अंकांपर्यंतच सांभाळतो. मी एकदा उत्पादकांच्या बँक खात्यांची यादी अशीच पानात काढून दिली. पलीकडच्या माणसानं ती एक्सेलमध्ये उघडली, साठवली आणि पुढं पाठवली. सोळा अंकी खात्यांचा शेवटचा अंक शून्य झाला होता. पैसे परत आले, बिलं दोन दिवस लांबली, शिव्या मी खाल्ल्या. चूक माझीच होती, ज्या कामाला आकडा पुढं वापरायचा आहे तिथं वेब पान द्यायचंच नव्हतं.

खात्याचा विषय निघालाच आहे तर, ग्रुपवर जाणाऱ्या यादीत खाते क्रमांक, मोबाइल नंबर, उचल असलं काही ठेवू नका. सिलेक्टमध्ये तारा टाकून सगळे स्तंभ ओढायची सवय असेल तर ती इथं मोडा. एकदा ग्रुपवर गेलेली फाइल परत येत नाही. खरं तर ग्रुपसाठी फाइलीपेक्षा पीडीएफ बरं. प्रत्येक फोन एचटीएमएलची फाइल नीट उघडेल याची खात्री नसते. ब्राउझरमधून छापताना पीडीएफ निवडलं की झालं.

रोज आपोआप चालायला टास्क शेड्यूलर लावा. बॅच फाइलीत सगळे रस्ते पूर्ण लिहा, नाहीतर ‘स्टार्ट इन’ रिकामं राहिलं की ती फाइली विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात शोधत बसते. पासवर्ड बॅच फाइलीत लिहू नका. मायएसक्यूएल कॉन्फिग एडिटर नावाची छोटी आज्ञा आहे, तिच्यात एकदा भरा आणि बॅच फाइलीत लॉगिन पाथचं नाव द्या. तो पासवर्ड विंडोजच्या त्या-त्या वापरकर्त्याच्या फोल्डरात साठतो, त्यामुळं टास्कही त्याच वापरकर्त्याच्या नावावर चालायला हवं. ‘हातानं चालवलं की चालतं, आपोआप चालत नाही’ या तक्रारीमागं निम्म्या वेळा हेच असतं. आणि या कामाला फक्त सिलेक्टचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता करा, सगळे अधिकार असलेला रूट नको.

कोणी इन्टू आउटफाइल वापरायला सांगेल. ती फाइल तुमच्या मशीनवर पडत नाही, सर्व्हरच्या मशीनवर पडते, त्यासाठी वेगळा अधिकार लागतो, त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती आज्ञा नकार देते आणि एचटीएमएल तर ती देतच नाही. या कामाची नाही.

दुसरा डेटाबेस असेल त्यांच्यासाठी घाईत: पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्येही एचटीएमएलचा पर्याय आहे आणि फाइलीचं नाव तिथंच देता येतं. एसक्यूलाइटमध्ये मोड एचटीएमएल, पण तो टेबलचे बाहेरचे टॅग देत नाही, ते ‘वर’ आणि ‘खाली’ मध्ये तुम्ही घाला. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये सेट मार्कअप एचटीएमएल ऑन, मग स्पूल. तिथं अक्षरं बिघडली तर एनएलएस लँग ही सेटिंग तपासा.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा. आधी हेक्स. ते ‘ई०’ नं सुरू होत असेल तर वरची बॅच फाइल, एकदा हातानं चालवून, तळाची बेरीज वहीशी जुळवून. मग शेड्यूलर. छापण्याची अडचण आली तरच पायथन.

आणि हेक्समध्ये ‘३एफ’ आलं तर बॅच फाइल बाजूला ठेवा. प्रश्नचिन्हावरून नाव परत काढणारी आज्ञा कुठंच नाही. नोंदी भरणारं सॉफ्टवेअर सर्व्हरशी कुठल्या कॅरेक्टर सेटमध्ये बोलतं ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर भरलेली नावं परत तशीच होतील. मग सभासद नोंदवही काढा आणि क्रमांक बघून नावं पुन्हा टाइप करा. दीडशे नावं म्हणजे दोन माणसांचं एका दुपारचं काम, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं.